गटातल्या मुलांना बोलतं कसं करावं? बारा आठवड्यांची आखणी हवी आहे

सायंवर्ग
नमस्कार. १५ ते १९ वयाच्या १६ मुलामुलींचा गट आहे. आठवड्यातून एकदा दीड तास, असे १२ आठवडे. चारचौघांत उभं राहून तीन-चार मिनिटं नीट बोलता यावं आणि फोनवर, मुलाखतीत, अनोळखी माणसासमोर गडबडू नये, एवढंच साधायचं आहे.

सध्या विषय द्यायचा, एकेकाने पुढे येऊन बोलायचं, मग इतरांनी अभिप्राय द्यायचा असं चालतं. त्यात चार-पाच जणच पुढे सरसावतात. बाकीचे कागद वाचून दाखवतात, नाहीतर पाठ केलेलं मध्येच विसरतात आणि खाली बसतात. अभिप्राय 'छान होतं' आणि 'आत्मविश्वास वाढव' यापलीकडे जात नाही. 'अं', 'म्हणजे', 'ॲक्चुअली' यांचा तर पाऊस असतो. आणखी एक शंका: 'शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, बाकी सगळी देहबोली' असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मग सुरुवात हातवारे आणि नजरेपासूनच करावी का?

पायरीपायरीने
आधी वेळेचा हिशेब मांडा. १६ जण, प्रत्येकी ३ मिनिटं भाषण आणि २ मिनिटं अभिप्राय, म्हणजे ८० मिनिटं. दीड तासात प्रत्येकाच्या जिभेला ३ मिनिटं काम आणि बाकी सगळा वेळ बसून राहणं. तेराव्या क्रमांकाचं मूल तर तासभर धडधडत्या छातीने आपल्या पाळीची वाट बघतं. पोहायला शिकताना तासभर काठावर बसवून ३ मिनिटं पाण्यात सोडावं, तसं हे होतं.

त्याऐवजी ४-३-२ करा. भाषाशिक्षणातली ही जुनी पद्धत, कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली. आठ-आठ जणांच्या दोन रांगा समोरासमोर बसवा. एका रांगेने बोलायचं, समोरच्याने फक्त ऐकायचं. पहिल्या फेरीत ४ मिनिटं. मग ऐकणाऱ्यांची रांग एक जागा सरकते आणि तोच मजकूर नव्या माणसाला ३ मिनिटांत सांगायचा. पुन्हा सरका, आता २ मिनिटं. मग दुसऱ्या रांगेची पाळी. सरकासरकी धरून २५ मिनिटांत सगळं उरकतं आणि प्रत्येक जण ९ मिनिटं बोललेला असतो. आठ जण एकदम बोलत असल्यामुळे खोलीत कल्ला होतो. तो होऊ द्या, त्या कल्ल्यातच लाजरी मुलं मोकळी होतात, कारण समोरच्याशिवाय कुणालाच काही ऐकू जात नाही.

याने फरक पडतो, कारण पहिल्या फेरीत डोकं 'काय सांगू' यात अडकलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मजकूर हाताशी आलेला असतो, त्यामुळे लक्ष 'कसं सांगू' याकडे वळतं. फसतं ते तीन ठिकाणी. ऐकणारा तोच ठेवला, तर बोलणाऱ्याला तेच पुन्हा सांगायला कारणच उरत नाही. तिसऱ्या फेरीत मुलं नुसता वेग वाढवतात, म्हणून आधीच बजावा: वेग तोच ठेवायचा, बिनमहत्त्वाचं गाळायचं. आणि 'पर्यावरण', 'शिस्त' असे ढगातले विषय दिले तर मिनिटभरात झरा आटतो. 'पंक्चर कसं काढतात', 'एखादा खेळ कधीच न खेळलेल्याला त्याचे नियम सांग' असं हाताने करून पाहिलेलं द्या. बोलण्याआधी एक मिनिट विचार करायला, पेन बाजूला ठेवून. अगदीच नवख्यांना २, दीड, १ मिनिट पुरे.

बारा आठवड्यांची चढण ढोबळमानाने अशी: पहिले तीन आठवडे फक्त जोड्या. चौथा-पाचवा चौघांच्या गटात, आधी बसून, मग उभं राहून. सहा ते आठ, आठ जणांसमोर. पूर्ण गट नवव्या आठवड्यापासून. एका पायरीवरची धडधड कमी झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर ढकलू नका, मग आठवडा वाढला तरी चालेल.

पाठांतराबद्दल. शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की पुढचं सगळं गेलं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करायचं. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर पाच शब्द, मोठ्या अक्षरात, वाक्यं नकोत. शेवटचं वाक्य पाठ असण्याचा मोठा फायदा असा की मध्येच विसरलं तरी ते म्हणून बसता येतं. अर्ध्यातून पळून बसलं की सुटकेची जी भावना येते, तीच पुढच्या वेळची भीती पोसते. म्हणून प्रत्येकाचा शेवट झालाच पाहिजे, एका वाक्याचा का होईना.

खर्जसाधक
आवाजाबद्दल लिहितो, कारण 'मोठ्याने बोल' या सूचनेने नुकसानच जास्त होतं. मुलं घसा ताणतात, दोन मिनिटांत आवाज बसतो आणि तरीही मागच्या रांगेला कळत नाही.

खरा दोष बहुतेकदा वाक्याच्या शेपटीत असतो. वाक्य जोरात सुरू होतं, श्वास संपत येतो आणि शेवटचे दोन शब्द पोटात जातात. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. 'उद्याची सहल रद्द झालेली नाही' यातलं 'नाही' गिळलं की ऐकणाऱ्याला उलटाच निरोप मिळतो. याचा सराव सोपा आहे. शेवटी 'नाही' असलेली आणि नसलेली अशी मिळून दहा वाक्यं काढा, बोलणाऱ्याला खोलीच्या एका टोकाला आणि जोडीदाराला दुसऱ्या टोकाला पाठमोरं उभं करा. प्रत्येक वाक्यानंतर जोडीदाराने 'हो' की 'नाही' एवढंच सांगायचं. चुकलं की वाक्य पुन्हा, पण आवाज न चढवता. आधी श्वास घेऊन आणि वाक्य लहान करून.

लहान वाक्यांवरून आठवलं: कागदावर लिहिलेली मराठी आणि तोंडातली मराठी वेगळी असते. 'सदर उपक्रमामुळे विद्यार्थ्यांमध्ये जागरूकता निर्माण झाल्याचे दिसून येते' हे कुणीही एका दमात सहज बोलत नाही. 'हा उपक्रम झाला आणि मुलं प्रश्न विचारायला लागली' हे बोलता येतं. मुलांना लिहायचंच असेल, तर आधी फोनवर रेकॉर्ड करून मग ते कागदावर उतरवू द्या. उलट क्रमाने केलं की भाषणात निबंध शिरतो. रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज ऐकून मुलं ओशाळतात. त्यांना कारण सांगा: बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग नसतो. इतरांना तो आवाज नेहमी तसाच ऐकू येतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

माइक असेल तर: हातातला माइक ओठांपासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली, तिरका वर रोखलेला. अगदी तोंडासमोर धरला की प, फ, ब, भ या अक्षरांची हवा थेट आत जाऊन फट् असा आवाज होतो. जाळीचा गोळा मुठीत धरायचा नाही, त्याने माइक शिट्टी मारायला लागतो. स्टँडवरच्या माइकला साधारण वीतभर अंतर. तपासायला फुंकर किंवा टिचकी नको, भाषणाचं पहिलं वाक्यच म्हणावं. ते पाठ असतंच.

दुसरीबाजू
७ टक्क्यांचा मुद्दा एकदा निकालात काढू या. ७-३८-५५ (शब्द, आवाजाचा सूर, चेहरा) हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या अभ्यासांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, काही वेळा चेहऱ्याच्या छायाचित्रांसोबत, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही याचा अंदाज विचारला होता. म्हणजे भावनेबद्दल शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरता तो निष्कर्ष. तो सगळ्या बोलण्याला लागू करू नका, असं स्वतः मेहराबियन यांनीही सांगितलं आहे. शब्द खरोखर ७ टक्केच असते तर परक्या भाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के कळलं असतं.

तेव्हा हातवाऱ्यांनी सुरुवात नको. काय सांगायचंय ते पक्कं असलं की हात आपोआप चालतात. शिकवलेले हातवारे अर्धा सेकंद उशिरा येतात आणि लगेच खटकतात. नजरेचं एकच सांगा: एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण करायचं, पुढचं वाक्य दुसऱ्याकडे. भिंतीवरच्या बिंदूकडे बघायला सांगू नका, समोरच्याला ते कळतं.

भीतीबद्दल दोन गोष्टी मुलांना आवर्जून सांगाव्यात अशा आहेत. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की आपली घबराट समोरच्यांना जितकी दिसते असं वक्त्याला वाटतं, तितकी ती दिसत नाही. आणि ज्या वक्त्यांना हे आधीच सांगितलं होतं, त्यांचं भाषण जास्त चांगलं झालं. दुसरं, ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास: बोलण्याआधी स्वतःला 'शांत हो' म्हणण्यापेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड दोन्हीकडे तीच असते, तिला आपण कोणतं नाव देतो याने फरक पडतो. श्वासाचा उपाय करायचा असेल तर उच्छ्वास लांब ठेवा: चार मोजेपर्यंत आत, सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर, असं पाच वेळा. भराभर खोल श्वास घेतले तर उलट गरगरतं.

वेळपाल
अभिप्रायाचं उत्तर जुन्या क्लबांकडे आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे टोस्टमास्टर्स या, चारचौघांत बोलण्याचा सराव करणाऱ्यांच्या संघटनेचा पहिला क्लब सुरू केला. तिथल्या बैठकीत वेळ मोजणारा, 'अं' मोजणारा, भाषेकडे लक्ष देणारा अशी कामं वेगवेगळ्या माणसांना दिलेली असतात, आणि मूल्यमापन हेही २ ते ३ मिनिटांचं भाषणच असतं. आयत्या विषयावर १ ते २ मिनिटं बोलताना १ मिनिटाला हिरवा, दीडला पिवळा, २ ला लाल दिवा. तुमच्याकडे तीन रंगांचे पुठ्ठे असले तरी भागेल.

यातलं उचलायचं ते हे: प्रत्येक श्रोत्याला एकच गोष्ट बघायला द्या. एकाने फक्त वाक्यांचे शेवट ऐकायचे, दुसऱ्याने नजर, तिसऱ्याने मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहायचा. तिसऱ्याचं वाक्य वक्त्याच्या मनातल्या वाक्याशी जुळलं नाही, तर बाकी सगळं सोडून आधी तेच दुरुस्त करायचं. अभिप्रायात जागा, घटना आणि उपाय तिन्ही हवं. 'आवाज वाढव' हा अभिप्राय नव्हे. 'दुसऱ्या मुद्द्यापासून क्रियापदं ऐकू आली नाहीत, तिथे वाक्य दोनात तोड' हा अभिप्राय. एक गोष्ट टिकवायची, एक बदलायची, बस्स. आणि लगेच, त्याच जागी, पहिली ३० सेकंदं पुन्हा बोलायला लावा. अभिप्राय कानावर पडून जिरतो, पुन्हा केल्याने अंगात मुरतो. हे ३० सेकंद गाळू नका, अगदी वेळ संपत आला तरी.

'अं'वर टाळी वाजवणं किंवा दंड ठेवणं टाळा. बोलणाऱ्याचं लक्ष आशयावरून उडतं आणि 'अं' वाढतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या रेकॉर्डिंगचं एक मिनिट जसंच्या तसं लिहून काढावं, 'अं'सकट. बहुतेक सगळे दोन वाक्यांच्या सांध्यावर किंवा 'आणि'नंतर सापडतात. मग उपाय शारीरिक आहे: वाक्य संपलं की ओठ मिटायचे, नाकाने श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. मिटलेल्या ओठांतून 'म्हणजे' निघत नाही. शून्यावर आणायचा हट्ट मात्र नको, विचार करताना थोडे येणारच.

सायंवर्ग
सगळ्यांचे मनापासून आभार. ४-३-२ पासूनच सुरुवात करतो. एक राहिलंच: गटातला एक मुलगा तोतरा बोलतो, आणि एक मुलगी वर्गात अजिबात बोलत नाही, घरी मात्र भरपूर बोलते असं तिची आई सांगते. या दोघांचं काय?

पायरीपायरीने
मुलाच्या बाबतीत: त्याचा शब्द पूर्ण करू नका, 'सावकाश', 'श्वास घे' असं म्हणू नका, नजर हटवू नका. वेळेचे पुठ्ठे त्याच्यासाठी बंद, पण हे त्याच्याशी एकट्याने बोलून ठरवा, सगळ्यांसमोर जाहीर करू नका. समूहाने एका सुरात वाचताना तोतरेपणा बहुतेकांचा खूप कमी होतो. ते बघून 'मनात आणलं तर येतं की तुला' असं कुणी म्हणणार नाही याची काळजी घ्या. तिथे जमतं म्हणून एकट्याने बोलताना त्याचे प्रयत्न कमी पडतात असं नव्हे. स्पीच थेरपिस्टकडे जात असेल तर त्यांच्याशी विचारविनिमय करून पायऱ्या ठरवा.

मुलीचं वर्णन लाजण्याच्या पलीकडचं वाटतं. घरी मोकळं बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, अशी चिंतेशी निगडित एक अवस्था असते. तो हट्ट नसतो. आग्रह, बक्षीस, तिने बोलावं म्हणून सगळ्यांसमोर थांबून राहणं, यातलं काहीही नको. पालकांना मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवा. तोवर तिला वेळ मोजणं, लेखी अभिप्राय देणं अशी खरी कामं द्या.

दुसरीबाजू
एक गोष्ट तुमच्यासाठी. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रोव यांनी वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारीही बोलू लागली.

आणि फोनसाठी: जोडीला पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे चेहऱ्याचा आधार जातो. फोन करणाऱ्याच्या कार्डावर तीनच शब्द: नाव, काम, हवं ते. पहिल्या १५ सेकंदांत तिन्ही आलं पाहिजे, मग 'आत्ता बोलू शकाल का?' पलीकडच्याने मुद्दाम एक अडचण घालायची, 'साहेब बाहेर गेलेत' किंवा 'ऐकू येत नाही'. फोन ठेवण्याआधी ठरलेला दिवस आणि वेळ स्वतःच्या तोंडाने परत उच्चारायची: 'म्हणजे मंगळवारी अकराला, बरोबर?' बहुतेक मुलं इथेच 'हो हो' म्हणून फोन ठेवतात, म्हणून हा शेवट चार-पाच वेळा वेगळा घोटून घ्या.