मदत हवी आहे : डक्टमधली कबुतरं आणि आईचा खोकला (नाशिक)

नमस्कार, आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो, तिसरा मजला, बिल्डिंग जुनी आहे. दोन्ही बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या अरुंद मोकळ्या जागेत) उघडतात आणि तिथे कबुतरं इतकी झालीयेत की पाइपांवर विष्ठेचे थर साचलेत, पिसं, काड्या, मेलेली पिल्लं सगळंच. आईला दिवाळीपासून कोरडा खोकला, आता एक जिना चढली तरी धाप लागते. सगळे म्हणाले नाशिकची थंडी आहे, जाईल. पण छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का? एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) झालाय, रिपोर्ट यायचाय. ते म्हणाले वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ श्वासातून गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, हे इन्फेक्शन नाही, अ‍ॅलर्जीसारखं आहे, आणि वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं तर फुफ्फुसं कायमची कडक होऊ शकतात.

मला वाटायचं डक्टमधली हवा डक्टमध्येच राहते. परवा उदबत्ती पेटवून बाथरूमच्या खिडकीच्या पट्ट्यांपाशी धरली. एरवी धूर सरळ वर जात होता, किचनची चिमणी लावली तर धूर घरात यायला लागला!! थंडीमुळे खिडक्या बंद, चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, मग तेवढी हवा कुठूनतरी आत येणारच ना, ती डक्टमधून येते. म्हणजे रोज सकाळी पोळ्या करताना आई तीच हवा घेत होती, हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही माझा.

आता चिमणी लावताना किचनची खिडकी उघडतो, बाथरूमची दारं बंद ठेवतो. एका बाथरूमच्या पट्ट्यांवर प्लास्टिक चिकटवलंय. दुसऱ्यात गॅस गिझर आहे, तिथली खिडकी बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड साठेल म्हणून हात लावला नाही.

सोसायटीवाले वरून झाडूने साफ करून घेऊ म्हणाले, मी अडवलं, कोरडं झाडलं तर सगळी धूळ सगळ्यांच्याच घरात जाईल. आधी पाणी मारून, एन-९५ मास्क घालून, दोर बांधून उतरणारी माणसं नाशिकमध्ये कुणाला माहितीयेत का? साधारण किती घेतात? नुसती वरून जाळी मारून भागतं की प्रत्येक मजल्यावर लावावी लागते, आतली पिल्लं आधी कशी काढायची? आणि बंद केल्यावर झडप मिटणारे एक्झॉस्ट फॅन येतात म्हणे, त्याने बाहेरची हवा खरंच अडते का, कुणी वापरलाय?

आईला मामाकडे ओझरला पाठवलंय, ती यायच्या आत हे व्हायला हवं. प्लीज सांगा.