खार-सशासाठी .२२ मॅग्नम: खरंच फरक पडतो का?

हॅरिसबर्गकर

मंडळी, मुक्काम पेनसिल्व्हेनिया. सध्या .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची बोल्ट रायफल, म्हणजे दर फैरीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची रायफल, वापरतो. ४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हाय व्हेलॉसिटी, म्हणजे वेगवान, काडतुसं; झीरो ५० यार्डांवर, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागते. राखाडी खारी आणि कॉटनटेल सशांना ती पुरते. आता एका शेतकऱ्याने त्याच्या सोयाबीनमधले ग्राउंडहॉग (बिळात राहणारे मोठे कृंतक प्राणी) मारायची परवानगी दिली आहे. तिथे अंतर ८० ते १३० यार्ड पडतं आणि एलआरचं काही खरं नाही.

दुकानदार .२२ डब्ल्यूएमआर (म्हणजेच .२२ मॅग्नम) घ्या म्हणतो, रेंजवरचे लोक .१७ एचएमआरचं, म्हणजे त्याहून बारीक गोळीच्या मॅग्नमचं, नाव घेतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एकाच मॅग्नममध्ये शेत आणि जंगल दोन्ही भागेल का? खाण्याच्या शिकारीचं मांस किती वाया जातं? आणि घरात एलआरची भरपूर काडतुसं पडली आहेत, .२२ मॅग्नममध्ये ती चालतील का? दोन्ही .२२च आहेत ना?

पुंगळी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात इजा होऊ शकते. चालत नाहीत, अजिबात घालू नका. एलआरची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण .२२६ इंच जाड, मॅग्नमची .२४२. एलआर मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) सहज शिरते, बहुधा उडतेही, पण चारी बाजूंनी आधार नसल्याने पुंगळी फुगते, फाटते आणि गरम वायू बोल्टच्या बाजूने तोंडावर येतो. काही रिव्हॉल्व्हरना दोन वेगळे सिलिंडर मिळतात ते याचसाठी.

दोघींची घडणही वेगळी आहे. एलआरची गोळी पुंगळीइतकीच जाड असते, फक्त तिची मागची बारीक टाच आत बसते. म्हणून ती बहुतेक उघड्या शिशाची आणि वरून मेण लावलेली. मॅग्नमची गोळी पूर्ण पुंगळीच्या आत बसते, त्यामुळे तिला तांब्याचं आवरण देता येतं आणि वेग वाढवता येतो. विंचेस्टरने हे काडतूस १९५९ मध्ये आणलं. हॉर्नडीने २००२ मध्ये त्याच पुंगळीचं तोंड आवळून .१७ एचएमआर केलं. म्हणूनच बऱ्याच रायफलींत या दोघांचं मॅगझिन एकच असतं.

मॅग्नममध्ये सुरक्षितपणे चालणारं दुसरं काडतूस म्हणजे १८९० चं .२२ डब्ल्यूआरएफ. जाडी तीच, लांबी कमी. ४५ ग्रेनची गोळी साधारण १३०० फूट प्रति सेकंदाने जाते, म्हणजे मॅग्नम रायफलीतून जवळजवळ एलआरचं काम. खारीसाठी उत्तम, फक्त कारखाने अधूनमधूनच एखादी खेप काढतात. दिसलं की घेऊन ठेवा आणि ते कुठे लागतं ते कागदावर वेगळं तपासा, कारण मॅग्नमचा झीरो त्याला लागू पडत नाही.

१०० यार्ड

नेमाच्या जागेपासून गोळी किती वर-खाली लागते त्याचे आकडे देतो. स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) नळीच्या दीड इंच वर आहे असं धरलंय. तुमच्या रायफलीत थोडाफार फरक येणारच.

.२२ एलआर, ४० ग्रेन, १२३५ फूट प्रति सेकंद, झीरो ५०: ७५ यार्डांवर पावणेदोन-दोन इंच खाली, १०० वर साडेपाच-सहा इंच खाली.

.२२ डब्ल्यूएमआर, ४० ग्रेन, सुमारे १९००, झीरो १००: ५० वर इंचभर वर, १२५ वर दोन-सव्वादोन इंच खाली, १५० वर सहाच्या आसपास.

.१७ एचएमआर, १७ ग्रेन, २५५०, झीरो १००: ५० वर जवळजवळ बरोबर, १५० वर अडीच-पावणेतीन इंच खाली, २०० वर साडेआठ.

मॅग्नमचं सगळं आकर्षण या आकड्यांत आहे. ग्राउंडहॉगचं डोकं अडीच-तीन इंचांचं. एलआर असेल तर ९० की ११० हे नेमकं ठाऊक हवं, नाहीतर गोळी मातीत जाते नाहीतर जनावर जखमी होऊन बिळात शिरतं. एचएमआरला १२० यार्डांपर्यंत क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) जिथे लावाल तिथेच लागतं, अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तरी निभावतं.

जोराचंही बघा. एलआर नळीच्या तोंडाशी सुमारे १३५ फूट-पाउंड (जोराचं माप) देते. .१७ एचएमआर तेवढाच जोर १०० यार्डांवर घेऊन पोचते. डब्ल्यूएमआर सुरुवातीला ३००-३२० आणि १०० वर दीडशेच्या वर. म्हणजे १०० यार्डांवर दोन्ही मॅग्नम जवळपास सारख्याच, फक्त .२२ ची गोळी जड असल्याने खोल जाते.

हॅरिसबर्गकर

फारच उपयोगी. मग सरळ .१७ घ्यावी असं दिसतंय? वाऱ्याचं काय? १७ ग्रेन म्हणजे एक ग्रॅमच्या थोडं वर, उडूनच जाईल की.

१०० यार्ड

सगळ्यांना तसंच वाटतं, पण गणित उलट आहे. वारा गोळीला किती सरकवतो हे तिच्या वजनावर नव्हे, वाटेत तिचा वेग किती घटतो त्यावर ठरतं. ताशी १० मैलांचा आडवा वारा धरला तर १०० यार्डांवर एचएमआर साडेतीन इंचांच्या आत-बाहेर सरकते, डब्ल्यूएमआर साडेपाच. हाय व्हेलॉसिटी एलआर पाचच्या आसपास, आणि १०७० ची सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) एलआर चारच्या खाली! ध्वनीच्या वेगाच्या वर हवेचा अडथळा एकदम वाढतो, त्याची ही किंमत. थोडक्यात, डब्ल्यूएमआर घेतलीत तर उंचीचा प्रश्न सुटतो, वाऱ्याचा तिथेच राहतो. पाच मैलांच्या वाऱ्याला आकडा निम्मा करा. दाण्याला आलेलं सोयाबीन वाऱ्याने नुसतं हलत असेल तर थांबायची गरज नाही, झाडांच्या लहान फांद्या हलायला लागल्या की १०० च्या पुढे उडवू नका.

खारुताई

थोडा विरोध नोंदवते. वर सगळं १०० यार्डांचं चाललंय. पेनसिल्व्हेनियातल्या ओक-हिकरीच्या जंगलात खार बहुतेक वेळा १५ ते ४० यार्डांवर असते. तिथे मॅग्नमने काहीही वाढीव मिळत नाही. नुसता आवाज मोठा, म्हणजे बाकीच्या खारी तासभर गप्प, आणि काडतुसाला दोन-तीनपट पैसे.

उलट एक अडचणच होते. १०० वर झीरो केलेली एचएमआर १५ यार्डांवर पाऊण इंच खाली लागते, कारण गोळी स्कोपच्या रेषेपर्यंत वर आलेलीच नसते. खारीचं डोकं जेमतेम दीड इंच. डोळ्यावर धरलंत तर गोळी जबड्यात. इतक्या जवळून मारायचं तर कानाच्या वरच्या टोकावर धरायचं.

मांसाबद्दल: १७ ग्रेनची व्ही-मॅक्स किंवा डब्ल्यूएमआरची ३० ग्रेनची पॉलिमर टोकाची गोळी ही उंदीरवर्गीय उपद्रवी जनावरांसाठी आहे. आत शिरताच फुटते. ४० यार्डांवर सशाच्या खांद्यात लागली तर पुढचे दोन्ही पाय आणि पाठीचा अर्धा भाग टाकून द्यावा लागतो, आतडं फुटलं तर त्याहून जास्त. खायचं असेल तर .१७ मध्ये २० ग्रेनची एक्सटीपी किंवा गेमपॉइंट, डब्ल्यूएमआरमध्ये ४० ग्रेनची गेमपॉइंट किंवा ५० ग्रेनची जड, हळू गोळी घ्यावी. आणि तरीही फक्त डोकं. धडावर मारायचं असेल तर एलआरच आणा.

सशाला हात लावताना रबरी हातमोजे घाला, त्याच्यातून टुलारेमिया हा जिवाणूजन्य आजार होतो. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका. मांस चांगलं शिजवा, आतून लालसर ठेवू नका.

पुंगळी

खारुताईंशी सहमत, एक भर घालतो. झाडावरच्या खारीवर मारताना तिच्या मागे जाड खोड हवं. आभाळाच्या पार्श्वभूमीवर कधीच नाही. रिमफायरची (पुंगळीच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या या सगळ्या काडतुसांची) गोळी मैलाहून लांब जाते, आणि डब्ल्यूएमआरची ४० ग्रेनची एलआरहून जास्तच. शेतातही ग्राउंडहॉग बिळाच्या तोंडावर उभा राहिला की मागे काय आहे ते बघा. मातीचा उतार असेल तर ठीक, सपाट जमीन असेल तर मारू नका. व्ही-मॅक्स जमिनीला लागून बहुतेक फुटते, त्यामुळे टणकण्याची (आपटून भलतीकडे उसळण्याची) भीती कमी. पूर्ण आवरणाची, म्हणजे एफएमजे गोळी मांस वाचवते हे खरं, पण आरपार जाते आणि दगडावरून टणकते. वस्तीजवळच्या शेतात ती नको.

वऱ्हाडी_अभियंता

भाऊ, इकडे अकोल्याकडे शेतात ससे आन् रानडुकरं लय झाले. असं काही भारतात चालते का?

पुंगळी

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, ससासुद्धा त्यातच आला. रानडुकरांचा त्रास असेल तर अर्ज वनखात्याकडे. तिथेही रिमफायर कामाची नाही, डुकराला ती नुसती जखमी करेल.

साक्रामेंटोवाला

कॅलिफोर्नियात किंवा सीमेपलीकडून इकडे येऊन शिकार करणाऱ्यांसाठी: १ जुलै २०१९ पासून इथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. खार असो की उपद्रवी ग्राउंड स्क्विरल. त्यामुळे .१७ एचएमआरला १५.५ ग्रेनची एनटीएक्स किंवा १६ ग्रेनची टीएनटी ग्रीन, डब्ल्यूएमआरला ३० ग्रेनची टीएनटी ग्रीन. या गोळ्या हलक्या असल्याने लवकर मंदावतात, झीरो नव्याने करावा लागतो. एलआरला २१ ग्रेनची तांब्याची मिळते, पण बऱ्याच नळ्यांत तिचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या फैरींचा कागदावरचा झुबका) पसरतो. इथे मॅग्नम घेण्याचं हे वेगळंच एक कारण आहे.

नियमावली

रायफल घेण्याआधी व्हिसा बघा, हे कुणीच लिहिलं नाही. ग्रीनकार्ड असेल तर प्रश्न नाही. एच-१बी, एफ-१ यांसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी तेच. अपवादांपैकी आपल्या लोकांच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स. दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ फॉर्म भरताना त्याचा पुरावा द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स वर्ष १ जुलै ते ३० जून. १ जुलैला नवं काढलं नसेल तर घरातल्या कपाटात ठेवलेली रायफलही अडचणीत आणते. तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. खार-सशाच्या हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी कपडा लागतो, तेही विसरू नका.

हॅरिसबर्गकर

ग्रीनकार्ड आहे, धन्यवाद. मग ठरलं असं: जंगलात एलआर, शेतात .१७ एचएमआर. रायफल कुठली घ्यावी आणि काय बिघडतं?

पुंगळी

बोल्टच घ्या. सेव्हेज ९३आर१७, रुगर अमेरिकन रिमफायर, सीझेड ४५७, तिन्ही चांगल्या. सीझेडची नळी स्क्रू सैल करून बदलता येते, पुढे कधी डब्ल्यूएमआरची हौस आली तर उपयोगी पडते. सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) एचएमआर घ्यायची तर उशिराने उघडणारी यंत्रणा असलेली, सेव्हेज ए१७ सारखी. साध्या ब्लोबॅकमध्ये (उडताना मागे येणाऱ्या दाबानेच बोल्ट उघडतो त्या यंत्रणेत) या काडतुसाचा दाब ओसरायच्या आत पुंगळी मागे येऊ लागते आणि फाटते.

एचएमआरचा ठरलेला दोष म्हणजे पुंगळीच्या मानेला पडणारी चीर. तोंड आवळताना पितळ कडक होतं, मग ते चिरतं, कधी न उडवलेल्या काडतुसातही. डबा उघडला की माना उजेडात फिरवून बघा, चिरलेलं बाजूला काढा. एखादी गोळी अचानक चार इंच भलतीकडे गेली तर आधी रिकाम्या पुंगळीची मान तपासा, स्कोपला दोष मागाहून द्या. काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर नळीत गोळी अडकली नाही ना ते बघितल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका.

सफाईला .१७ ची अखंड, आवरण असलेली सळई वेगळी घ्यावी लागते, .२२ ची आत जात नाही. बोल्ट काढून मागच्या बाजूने घाला. शे-दीडशे फैरींनंतर ग्रुप पसरायला लागला की तांबं काढणारं सॉल्व्हंट थोडं वापरा. सफाईनंतरच्या पहिल्या पाच-दहा फैरींवरून झीरो हलवू नका.

१०० यार्ड

स्कोपचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसण्याचा दोष, बघून घ्या. रिमफायर म्हणून विकलेले बरेच स्कोप ५० यार्डांसाठी लावलेले असतात. १२० वर डोळा सरकला की नेम चुकतो. ३-९ किंवा ४-१२ पटीचा, पॅरॅलॅक्स फिरवून जुळवता येणारा घ्या.

काडतुसं एकदम ५०० घेऊ नका. तीन वेगवेगळ्या प्रकारांचे ५०-५० चे डबे आणा, वारा नसताना १०० यार्डांवर प्रत्येकाचे पाच फैरींचे पाच ग्रुप काढा. नळी हाताला गरम लागली तर मध्ये थांबा. चांगल्या रायफलीतून एचएमआरने एक ते सव्वा इंच द्यायला हवा. ज्याने दिला त्याचा लॉट नंबर (कारखान्यातल्या त्या खेपेचा क्रमांक) डब्यावर छापलेला असतो, दुकानात तोच नंबर बघून उरलेले डबे उचला. रिमफायरचं काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे लॉट निवडणं एवढंच आपल्या हातात आहे.