अनुभव धागा : बाल्टिकची क्रूझ, कोपनहेगन ते हेलसिंकी आणि परत

ठाणे (धागा काढणारी)

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान असे चौघं दहा रात्रींची बाल्टिक क्रूझ करून आलो. आल्यापासून फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून हा धागा. ज्यांनी ही सफर केलीय त्यांनी इथे लिहा. माहितीपत्रकातलं नको, त्यातले सगळे प्रवासी हसत असतात आणि एकाचेही गुडघे दुखत नाहीत. कुठे फसलात, काय खाल्लंत, काय बघून थबकलात, ते हवं.

सुरुवात माझ्या फजितीपासून. कोपनहेगनला जहाजावर चढताना सामान तपासणीच्या यंत्रातून गेलं आणि माझा छोटा इलेक्ट्रिक कुकर बाजूला काढला गेला. आगीच्या भीतीने किटली, इस्त्री, कुकर असलं तापणारं काहीही केबिनमध्ये चालत नाही. पावती हातात दिली, "उतरताना घेऊन जा" म्हणाले. मेतकूट, आंबेमोहोर, तुपाची बाटली सगळं बॅगेत, आणि शिजवायला काही नाही! नणंद दहा दिवस माझ्याकडे बघून फक्त हसत होती.

आता जे मनात घर करून राहिलं ते. स्टॉकहोमचं वासा संग्रहालय. 10 ऑगस्ट 1628 ला स्वीडनच्या राजाची ही नवीकोरी युद्धनौका पहिल्याच प्रवासाला निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडाली. चौसष्ट तोफा दोन मजल्यांवर, वरचा भार जास्त, बूड अरुंद. वाऱ्याची झुळूक आली, जहाज कललं, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत. त्याआधी धक्क्यावरच तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली, पण जहाज काही थांबवलं नाही! पुढे रीतसर चौकशी झाली आणि दोषी कुणीच ठरलं नाही. बत्तीस वर्षं सरकारी बँकेत काढल्यावर हा भाग वाचताना मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

1961 मध्ये ते वर काढलं. आज तुम्ही त्याच्यासमोर उभे राहता तेव्हा मूळ लाकूड बघता, प्रतिकृती नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीड वर्ष आधीचं अख्खं जहाज! आमचे हे, ज्यांना संग्रहालयात वीस मिनिटांत चहाची आठवण येते, ते अडीच तास हलले नाहीत.

रत्नागिरी

ते लाकूड का टिकलं, हे मला त्या समुद्रात बोट बुडवल्यावर कळलं. बाल्टिक खारा नाहीच! हेलसिंकीच्या धक्क्यावर बोट बुडवून तोंडात घातलं, मीठ विसरलेली आमटी. नद्या भरपूर, वाफ कमी, आणि महासागराला जोडणारी वाट अरुंद. त्यामुळे लाकूड पोखरणारा जो समुद्रकिडा आपल्याकडच्या होड्यांचा काळ ठरतो तो या गोड्यासर पाण्यात जगत नाही. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून तेल लावायचं ते त्याच्याच धास्तीने.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. जवळजवळ नाहीच. सकाळी जहाजातून उतरताना पाण्याची रेघ दगडाच्या ज्या पायरीवर होती, संध्याकाळी तिथेच. मी वेड्यासारखा दोनदा जाऊन बघून आलो. बायको म्हणाली, लोक चर्च बघतात, तुम्ही पायरी बघताय. पण ज्याचं लहानपण "आज सुकती किती वाजता" या प्रश्नावर गेलं त्याला हा समुद्र म्हणजे मोठं तळंच वाटणार.

मासे: तिथल्या बाजारचौकात राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेली छोटी हेरिंग मिळते. आपल्या तारलीच्याच कुळातली. चव चांगली, पण हळद-तिखटाशिवाय तळलेला मासा म्हणजे बिनटिकलीची सवाष्ण. (बायको म्हणते हे लिहू नका. लिहिलं.)

पुणे

आमची चूक घड्याळाची. फिनलंड आणि एस्टोनिया स्वीडन-डेन्मार्कच्या एक तास पुढे. आदल्या रात्री केबिनमध्ये कागद ठेवून सांगतात की घड्याळ पुढे करा. माझ्या सासऱ्यांच्या हातात एचएमटी, 1978 सालची, आणि ती लग्नात मिळाल्यापासून त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून फिरवलेली नाही. तालिनला आम्ही दोघंच बाहेर पडलो, माझा फोन केबिनमध्ये चार्जिंगला. "अजून दीड तास आहे," असं म्हणत ते बदामाच्या मार्झिपानचे नमुने चाखत बसले.

अर्धा तास होता.

तालिनचं जुनं गाव बंदरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे म्हणून वाचलो. गोल दगडांच्या उतारावरून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चपळाईने पळताना मी प्रथमच पाहिला. वरच्या डेकवर लोक टाळ्या वाजवत होते. उशिरा पळत येणाऱ्यांना बघणं हा तिथला रोजचा मोफत कार्यक्रम आहे म्हणे. घड्याळ सासऱ्यांनी तरीही पुढे केलं नाही. "आपली वेळ बरोबर आहे."

स्टॉकहोम (सात वर्षं इथेच)

येणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघा. तिकिटावर "स्टॉकहोम" लिहिलं असलं तरी मोठी जहाजं बरेचदा नीनेसहाम्नला लागतात. ते शहरापासून साठेक किलोमीटरवर. लोकल गाडीने तासभर. लहान जहाज मिळालं आणि थेट शहरात येणार असेल, तर पहाटे उठून डेकवर जा. तीस हजारांच्या आसपास लहानमोठी बेटं आहेत, त्यांच्यातून वाट काढत जहाज कित्येक तास येतं. त्यापुढे गामला स्तानच्या, म्हणजे इथल्या जुन्या गावाच्या, गल्ल्या फिक्या.

दुसरं, मिडसॉमर, इथला उन्हाळ्याचा सण. 19 ते 25 जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार. त्या दिवशी सगळं शहर गावाकडे पळतं, आपल्याकडे गणपतीत मुंबईतला कोकणी माणूस पळतो तसं. दुकानं बंद, बरीच संग्रहालयं बंद. माझे मामा-मामी नेमके त्या दिवशी आले. त्यांना भलामोठा सुनसान चौक आणि मी केलेला उपमा एवढंच दाखवता आलं.

रोख पैसे बदलून आणू नका, इथे साधी कॉफीसुद्धा कार्डावर.

नाशिक

आईला घेऊन गेले होते. ती व्हीलचेअरवर. जहाजावर काही अडचण नाही, लिफ्ट आहेत. अडचण जुन्या गावांत. तालिनच्या दगडी रस्त्यांवर चाकं अडकतात, आईची हाडं खिळखिळी झाली. शेवटी टाउन हॉलच्या चौकात एका कडेला खुर्ची लावून आम्ही ठरवलं, बस झालं, इथेच बसू.

आणि समोर औषधाचं दुकान! 1422 च्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे आणि आजही ते औषधंच विकतं. आईने वडिलांच्या मागे एकवीस वर्षं मेडिकलचं दुकान एकटीने चालवलं. ती म्हणाली, मला आत ने. आत जुन्या बरण्या, वाळवलेले प्राणी, कसकसली चूर्णं मांडलेली. तिने सगळं बघितलं, मग काउंटरवर जाऊन डोकेदुखीची गोळी मागितली. डोकं दुखत नव्हतं. पाकीट उलटून मुदतीची तारीख वाचली, खूश झाली. ते पाकीट अजून देव्हाऱ्याच्या कप्प्यात आहे, न फोडलेलं.

शाकाहाराचं विचारलंय काही जणांनी. बुकिंगच्या वेळीच कळवा, रोज संध्याकाळी वाढणारा येऊन दुसऱ्या दिवशीचं विचारतो. रीगाला थांबणार असाल तर मधला बाजार चुकवू नका. एकेकाळी झेपेलिन (जुनी प्रचंड हवाई जहाजं) ठेवायला बांधलेल्या प्रचंड शेडमध्ये भरतो. काळा पाव आणि वाटीभर स्ट्रॉबेऱ्या, आमचं जेवण झालं.

नागपूर

आम्ही 2019 ला गेलो तेव्हा सेंट पीटर्सबर्ग होतं. जहाजाच्या टूरबरोबर उतरलं तर बहात्तर तास व्हिसा लागत नव्हता. तिथल्या हर्मिटेज संग्रहालयात चित्रांपेक्षा पुढच्याचं टक्कल जास्त पाहिलं. 2022 च्या युद्धापासून जहाजांनी ते बंदर गाळलं, म्हणून आता ग्दिनिया, रीगा, व्हिस्बी असली नावं जास्त दिसतात. जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखू नका. आणि वार्नेम्युंडेहून बर्लिनची टूर घेऊ नका. जायला तीन तास, यायला तीन तास. मी बर्लिनमध्ये पळत होतो तेव्हा बायको वार्नेम्युंडेच्या वाळूत टोपलीसारख्या खुर्चीत झोपली होती.

कोल्हापूर

ग्दिनियाबद्दल कोणी लिहीना, म्हणून मी लिहितो.

तिथून लोकलने ग्दान्स्कला गेलो. गोदीच्या दाराशी सॉलिडॅरिटी या पोलिश कामगार संघटनेचं संग्रहालय आहे. 1980 च्या संपात कामगारांनी एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर हातानं लिहून दाराला टांगल्या होत्या, त्या मूळ फळ्या आत ठेवल्यात. आपल्याकडं संपाचं काय काय पाहिलंय, पण मागण्यांची फळी काचेत ठेवलेली नव्हती पाहिली.

तर बाहेर गाईड पोरगी प्रत्येकाला गाव विचारत होती. मी सांगितलं कोल्हापूर. मनात म्हटलं हिला काय कळणार, मुंबईच्या खाली असं सांगावं लागंल. ती थांबली आणि म्हणाली, "वळिवडे?"

उच्चार वेगळा होता, पण वळिवडेच! तिच्या शेजारची म्हातारी लहानपणी तिथं होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएतांनी सैबेरियाकडं हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यातले पाचेक हजार जण 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका-पोरंच. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर. आता मला सांगा, गांधीनगरला मी आयुष्यभर कापड घ्यायला जातोय. थोरलीच्या लग्नाचा सगळा बस्ता तिथला. तिथं छावणी होती हे ऐकून माहीत होतं, पण कधी वळून बघितलं नाही. ती पोरगी म्हणते, आजीला अजून पंचगंगेचा पूर आठवतो. मला काय बोलावं कळंना. बॅगेत कांदा-लसूण चटणीची पुडी होती, ती आजीला दे म्हणून दिली.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गांधीनगरला गेलो. कापड न घेता परत आलो, असं पहिल्यांदाच झालं.

सासष्टी, गोवा

मी तारवटी. अकरा वर्षं जहाजावर, आधी लाँड्री, मग डायनिंग हॉल. त्यातले चार उन्हाळे बाल्टिकला.

तुमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी हिरव्या मिरच्या कुठून येतात असं वाटतं? तुमच्यातलं कोणी मागायच्या आत आम्ही आचाऱ्याला सांगून ठेवलेलं असतं. आमच्या मेसमध्ये भात रोज असतो, कढी-हुमण कधीकधी. ठाणेकर मॅडमनी दहा दिवस कुकरसाठी दुःख करायच्या ऐवजी एकदा विचारलं असतं तर वरणभात मिळाला असता.

बाल्टिकच्या उन्हाळ्यातल्या रात्रीच्या उजेडाबद्दल सगळे बोलतात. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. पहिला उन्हाळा मी रात्र कशी असते तेच पाहिलं नाही. काम, झोप, काम. मग एकदा रात्री एकला ताटं आवरून खलाशांच्या डेकवर गेलो. जहाज बेटांमधून चाललं होतं आणि आकाश आमच्याकडे पावसाळ्यात सहा वाजता असतं तसं. एका बेटावर एक माणूस होडी रंगवत होता. रात्री एक वाजता! त्याने हात केला, मी पण केला. घरी फोन लावणार होतो, पण तिकडे पहाटेचे साडेचार, पदेरसुद्धा (पाववाला) आलेला नसणार.

पुणे

सासरे विचारताहेत, तो माणूस कुठल्या वेळेने रंगवत होता.

ठाणे (धागा काढणारी)

गोव्याच्या दादा, हे आधी का नाही सांगितलंत! आणि ज्या तिघांनी निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी: हो, उतरताना पावती दाखवून कुकर परत मिळाला. घरी येऊन उघडला तर झाकण दुसऱ्याच कुणाच्या तरी कुकरचं. म्हणजे जहाजावर आणखी एक जण होतं.