एवढं आईसाठी बसायला काय जातं?

पाणवठा:
परवा इथे एकाने लिहिलं, 'नास्तिक असशील तर अस बाबा, पण बाप गेल्यावर दहा दिवस आईसाठी बसायला काय जातं? मंत्रांनी अंगाला भोकं पडतात का?' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

भोकं पडत नाहीत, मान्य. पण मी नाही बसलो तर तुम्हाला कुठे पडतात, हेही कुणीतरी सांगा.

गेल्या वर्षी वडील गेले. मी कॉलेजपासून देव मानत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आईला म्हटलं, अग्नी मी देतो, दिवसकार्य धाकटा करेल, त्याची श्रद्धा आहे. आईची हरकत नव्हती. हरकत होती काकांची, आत्याच्या यजमानांची आणि वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची, ज्यांनी पार्किंगवरून वडिलांशी बोलणं टाकलं होतं.

दहाव्याला घाटावर गेलो, जरा लांब उभा राहिलो. पिंड मांडले. समोरच्या पिंपळावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. मामा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, 'धाकट्याचं लग्न करून देऊ.' काही नाही. 'बहिणीला अंतर देणार नाही.' कावळे ढिम्म. मग मागून आवाज आला, 'थोरला नमस्कार करत नाही तोवर नाही शिवायचा.' सगळ्या माना माझ्याकडे. गेलो, वाकलो. बापापुढे वाकायला मला कसली लाज? तरी कावळा आला नाही तो नाहीच. गुरुजींना पुढचं काम होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि पंचा झटकला.

नात्यात बातमी काय गेली? थोरल्यापायी बापाचा जीव अडकला.

तर जातं ते हे. एकदा बसलं की वर्षश्राद्ध, मग दर पितृपक्ष, मग 'बापाचं केलंस, आता वास्तुशांतीलाच का नाही?' आणि वर शेरा असतोच, वेळ आली की नास्तिक येतात ताळ्यावर.

खडूस आजोबा:
मूळ पोस्ट माझी नाही, पण वाहवा करणाऱ्यांत मी होतो. तुमचं तत्त्व तुम्हाला लखलाभ. फक्त हिशेब नीट मांडा: तत्त्व तुमचं आणि मुंडण धाकट्याचं. घरात करणारा दुसरा कुणी आहे म्हणून तुमचा नास्तिकपणा तरला. एकुलते एक असता तर?

माझी बायको गेली तेव्हा त्या दहा दिवसांत मला स्वयंपाकघराकडे बघवत नव्हतं. रोज सकाळी गुरुजी यायचे, हे आणा, ते ठेवा, आता पाणी सोडा. हाताला काम होतं म्हणून माणसात राहिलो. स्वर्ग आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

पाणवठा:
तुम्हाला आधार झाला, आनंद आहे. मला झाला नसता. मुंडण धाकट्याने हौसेने केलं, त्याला विचारा.

तिठा:
कावळ्यावरून आठवलं. सावरकरांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, विद्युतदाहिनीत दहन करा, पिंड नको, कावळा शिवायची वाट बघणं नको. ते गेले १९६६ साली! आज त्यांचा फोटो लावणारे किती जण एवढं करतात?

एकच चष्मा:
आलात का सावरकरांवर! त्यांना नास्तिकांच्या यादीत घालायचा परवाना कुणी दिला? हिंमत असेल तर दुसऱ्या धर्माबद्दल असं लिहून दाखवा.

तिठा:
नास्तिक होते असं मी कुठे लिहिलं? मृत्युपत्रात काय होतं तेवढंच लिहिलं. दुसऱ्या धर्मांबद्दल बोलणारेही आहेत. बांगलादेशी वंशाचे नास्तिक ब्लॉगलेखक अभिजित रॉय २०१५ साली ढाक्याच्या पुस्तकमेळ्यातून बाहेर पडत होते, तिथेच कोयत्यांनी मारलं. आणि आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दाभोलकर तर देवाधर्माविरुद्ध बोलतही नव्हते, त्यांचं भांडण बुवाबाजीशी होतं.

एकच चष्मा:
विषय भरकटवू नका.

तिठा:
भरकटवला कुणी? वर वाचा.

साधी सून:
चालू द्या तुमचं. दोन पुरुष बाहेर तत्त्वावर भांडतायत, आत बाई भांडी घासतेय, याची मला सवय आहे.

आमच्याकडे नवराही नास्तिक, मीही. आरती सुरू झाली की तो फोन घेऊन गॅलरीत. सासूबाई कौतुकाने सांगतात, 'त्याचं असंच आहे, फार वाचतो ना.' मी एका वर्षी गौरींपुढे उभी राहिले नाही, तर माझ्या आईला फोन गेला, मुलीला वळण नाही म्हणून. त्याच्या नास्तिकपणाला धक्का लागत नाही, कारण सोळा भाज्या आणि पुरण मी करते, तेही सोवळ्यात. पाळी आली तर मात्र त्याच घरात मी तीन दिवस बाजूला. देव नाही म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने या तीन दिवसांवर आजवर ब्र काढलेला नाही. पाणवठा, तुमच्या घाटावर तुम्ही लांब उभे होतात. तुमची बायको कुठे होती?

पाणवठा:
घरी. पाहुण्यांचा स्वयंपाक बघत होती.

साधी सून:
धन्यवाद.

खडूस आजोबा:
ताई, यात तुमच्याशी वाद नाही. पण यासाठी देव काढायची गरज काय? हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. ते काय नास्तिकांचं गाव आहे?

साधी सून:
नाही. म्हणूनच त्यांचं जास्त कौतुक. घरातल्या नास्तिकाचं करायला मिळालं तर बघते.

डेटॉल:
मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात होतो. देहदान करा, घाटाचा प्रश्नच मिटतो. आपल्याकडे त्यासाठी १९४९ चा कायदा आहे.

फक्त फॉर्म भरून कपाटात ठेवलात म्हणजे झालं असं समजू नका. तुम्ही गेल्यावर कॉलेजला फोन करणारे नातेवाईकच असतात, आणि त्यांनी नाही म्हटलं की संपलं. आयुष्यभर निरीश्वरवादाची व्याख्यानं देणाऱ्यांची कार्डं आमच्याकडे होती, त्यांचे देह आलेच नाहीत. पोरं म्हणाली, लोक काय म्हणतील. देह काही तासांत पोचावा लागतो, शवविच्छेदन झालं असेल तर घेत नाहीत. आधी नेत्रदान केलेलं चालतं. लेकाला परदेशातून यायला दोन दिवस लागणार असतील तर आधीच बोलून ठेवा.

एकच चष्मा:
आणि मुक्तीचं काय? विद्यार्थ्यांनी चिरफाड करायची आणि घरच्यांनी पाणी कशावर सोडायचं? ही पाश्चात्त्य खुळं आहेत.

डेटॉल:
दधीची पाश्चात्त्य होते हे माहीत नव्हतं.

एकच चष्मा:
दधीचींनी देवांसाठी अस्थी दिल्या, तुमच्या परीक्षेसाठी नव्हे. काढतो मी पाय.

खडूस आजोबा:
देहदान ही नास्तिकांची जहागीर असल्यासारखं बोलू नका, डॉक्टर. मी फॉर्म भरलाय, बायकोचाही देह दिला होता. आणि दिवसही केले. प्रेत नसेल तर पुतळा करून दहन करायची सोय शास्त्रात आहे, गुरुजींनी खळखळ न करता केलं.

पाणवठा:
म्हणजे देह कॉलेजला आणि पुतळा शास्त्राला! आजोबा, तुम्ही माझ्यापेक्षा पुढे निघालात, असं म्हणायची वेळ आली. दिवसांच्या बाबतीत मात्र मी आहे तिथेच आहे.

खडूस आजोबा:
राहा. आईचा फॉर्म भरलात का?

पाणवठा:
ती नको म्हणते. तिला सगळे विधी हवेत.

खडूस आजोबा:
मग ते कोण करणार?

पाणवठा:
धाकटा.

खडूस आजोबा:
तो बंगळूरला नोकरीला आहे असं तुम्हीच मागे दुसरीकडे लिहिलं होतंत.

साधी सून:
तुमचं मिटेल तेव्हा मिटेल. डॉक्टर, संमतीच्या सहीला नवराच लागतो का? भाऊ चालेल?

डेटॉल:
जवळचा नातेवाईक हवा, भाऊही असतो त्यात. फॉर्म प्रत्येक कॉलेजचा वेगळा, तिथे विचारून घ्या. पण ताई, रात्री दोन वाजता फोन भाऊ करणार नाही, घरात जो असेल तो करणार.

साधी सून:
घरात जो असेल तो गॅलरीत असेल. भावाचंच नाव घालते.