पटाशी ग्राइंडरवर धरण्याआधी

बरेच जण सांगतात की ग्राइंडरवर दोन मिनिटांत पटाशीला, म्हणजे लाकूड कोरायच्या सपाट छिन्नीला, धार येते. धार येते हे खरं, पण टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, म्हणून समजा. माझी अर्ध्या इंचाची पटाशी अशीच गेली. मग सागवानातसुद्धा दर पाच मिनिटांनी बोथट व्हायची. ग्राइंडर फक्त तुटलेली कड सरळ करायला वापरा, तोही हलका टेकवून, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत. खरी धार सहाणेवरच, म्हणजे धार लावायच्या दगडावर. उतरती बाजू २५ ते ३० अंशांत धरून घासा. मागच्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कड वळली, की पटाशी उलटी करून सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून ती काढा. सपाट बाजू कधीही उचलून घासू नका, नाहीतर खाच सरळ निघणार नाही. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी नको, लाकडी ठोकणीच घ्या.

आणि कृपा करून लाकूड शिकंज्यात आवळा. एका हातात तुकडा, दुसऱ्यात पटाशी, असं काम करताना मी तळहाताला चार टाके घेतलेत. दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत.

पावसाळ्यात पात्याला तेलाचा हात फिरवून ठेवा, कोकणात तर रोज.