प्रमेयं पाठ करून काय होतं?

वर एका पालकांनी लिहिलंय की दहावीच्या भूमितीत प्रमेयं आणि रचना पाठ केल्या की झालं, लेखी परीक्षा 40 गुणांचीच तर आहे. गुणांपुरतं म्हणाल तर चालून जाईल कदाचित. पण वर्षाअखेरीस मुलाला काय यायला हवं, हा प्रश्न असेल तर मला पटत नाही.

घरी शिकवण्या घेते, त्यातला अनुभव. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला मी त्रिकोणाला एबीसीऐवजी पीक्यूआर नावं दिली आणि काटकोन वरच्या बाजूला काढला. गाडी तिथेच अडली. कर्ण कुठला, हेच ठरेना! म्हणून आता पहिले दोन आठवडे मी फक्त पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहून घेते, तेही आपल्या शब्दांत. सिद्धता नंतर. प्रत्येक पायरीपुढे कारण हवंच; 'आकृतीत तसं दिसतं' हे कारण नाही.

व्यत्यासाचंही, म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल केलेल्या विधानाचंही तेच. आमच्याकडे भिंत बांधताना गवंडी एका कडेला 3 फूट, दुसरीला 4 फूट खूण करून तिरकं माप 5 भरतं का बघत होता. भरलं, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. बाजूंच्या मापांवरून काटकोन ठरवला, म्हणून हा व्यत्यासाचा वापर, मूळ प्रमेयाचा नव्हे. हा फरक ज्याला सांगता येतो त्याला भूमिती आली असं मी समजते.

रचना मात्र हातानेच येतात. आणि पेन्सिलीला टोक करा रे, कंपासमध्ये बोथट पेन्सिल घालून स्पर्शिका कशी जमणार?