आतड्याचं अस्तर आणि एच१९ आरएनए: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहते, बायोटेक एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, म्हणून सेमिनारला मुद्दाम हाच विषय घेतला: आतड्याच्या अस्तराची राखण आणि नॉन-कोडिंग आरएनए (ज्यापासून प्रथिन बनत नाही असे आरएनए). मंगळवारी मांडायचंय आणि एका जागी अडकलेय.

समजलंय ते असं. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर, तोही ३ ते ५ दिवसांत नवा होणारा. शेजारच्या पेशींमधल्या फटी ऑक्लुडिन, क्लॉडिन, झेडओ-१ अशी प्रथिनं बुजवून ठेवतात. ही प्रथिनं किती बनावीत हे ठरवण्यात मायक्रोआरएनएचा, म्हणजे अगदी छोट्या नॉन-कोडिंग आरएनएचा, मोठा हात असतो. (याच्याच शोधासाठी २०२४चं नोबेल मिळालं.) दाहात टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा संदेश वाढला की मायक्रोआरएनए-१२२ए वाढतो, ऑक्लुडिनचा एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) नष्ट होतो आणि अस्तर गळकं होतं. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते एच१९पाशी. हा लांब नॉन-कोडिंग आरएनए. २०१६च्या एका शोधनिबंधात कॅको-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींत तो वाढवला, तर त्याच्यातून निघणाऱ्या मायक्रोआरएनए-६७५मुळे झेडओ-१ आणि ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन) घटलं. एचयूआर हे प्रथिन एच१९ला धरून बसलं की ६७५ बनणं कमी होतं आणि अस्तर सावरतं. म्हणजे एच१९ घातक, असं मी लिहूनही टाकलं. मग २०१८चा निबंध हाती आला. त्यात उंदरांच्या सुजलेल्या आतड्यात आयएल-२२मुळे (प्रतिकारशक्तीच्या पेशींकडून येणारा संदेश) एच१९ वाढतो आणि जखम भरायला मदतच करतो!

माझा अंदाज असा की दोन्ही खरं असावं. जखम भरताना पेशींना एकमेकींचा हात सोडून पुढे सरकावं लागत असेल, आणि एच१९ तेवढ्यापुरती पकड सैल करत असेल. पण हा माझा तर्क, सेमिनारमध्ये तो कुठवर ताणावा? शिवाय कॅको-२ मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या पेशी. त्यांच्यातल्या एच१९वरून निरोगी अस्तराबद्दल बोलावं का? खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) किंवा इतरत्र पेशी वाढवणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

भाऊ रोज विचारतो, "ताई, माझ्यात कुठला आरएनए बिघडलाय?" त्याला सांगितलंय, डॉक्टर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) तपासतात तेच चालू ठेव, गोळ्या चुकवू नकोस. पण एच१९बद्दल त्याला चुकीचं काही सांगायचं नाहीये.